गर्दीतली माणसं काय बोलत असतात?

प्रश्न : आमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अधूनमधून शूटिंग असतं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही लांबून पाहत होतो. नायक-नायिका पायरीवर बसून बोलत होते आणि मागे बाजार भरला होता. भाजीवाली आणि गिऱ्हाईक तावातावाने घासाघीस करताना दिसत होते, पण आवाज मात्र अजिबात येत नव्हता. ती माणसं खरंच काही बोलतात का? त्यांना कोण आणतं, पैसे मिळतात का? आणि आमच्यासारख्याला हौस म्हणून त्या गर्दीत उभं राहता येईल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : नाही, बोलत नाहीत. तुम्ही बरोबर पाहिलंत. ओठ हलतात, हातवारे होतात, भाजीवाली मानेने ‘परवडत नाही’ म्हणते, पण घशातून शब्द बाहेर पडू द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद असते. नायक-नायिकेच्या कपड्यांत एक छोटा माइक लपवलेला असतो आणि डोक्यावर लांब दांडीला दुसरा टांगलेला असतो. या दोन्ही माइकना फक्त त्या दोघांचा आवाज हवा असतो. त्यामागे संकलनाचं गणित आहे. पडद्यावर आपण सलग संभाषण ऐकतो खरं, पण त्यातलं नायकाचं वाक्य तिसऱ्या टेकमधलं असतं आणि नायिकेचं उत्तर कदाचित सातव्या टेकमधलं. मागे भाजीवाली खरोखरच भाव ओरडत असती, तर हे दोन तुकडे जोडताना तिचं वाक्य मध्येच तुटलं असतं. म्हणून संवाद कोरा घ्यायचा आणि बाजाराचा गलका वेगळा. कधी दृश्य संपल्यावर कॅमेरा बंद ठेवून त्याच माणसांना ‘आता बोला’ म्हणतात आणि तो आवाज घेऊन ठेवतात. कधी डबिंग स्टुडिओत चार-सहा कलाकार माइकभोवती उभे राहून अख्खी जत्रा उभी करतात.

पूर्वी एवढी कडक शिस्त नव्हती. हिंदी चित्रपटांत कित्येक दशकं संवाद नंतर स्टुडिओत डब करायचीच रीत होती. त्यामुळे सेटवर जनरेटर घरघरला काय किंवा दिग्दर्शक टेक चालू असतानाच ओरडून सूचना देत राहिला काय, काही बिघडत नसे. 2001 सालचा ‘लगान’ मात्र भुजजवळच्या माळावर जागच्या जागी ध्वनिमुद्रण करून चित्रित झाला. शेवटच्या क्रिकेट सामन्यासाठी आसपासच्या गावांतली हजारो माणसं जमवली होती. त्यानंतर ही पद्धत हिंदी-मराठीत रुळली आणि गर्दीचं काम एकदम अवघड झालं.

किती अवघड, ते पाहायचं तर पार्टीचं दृश्य पाहावं. गोरेगावच्या फिल्मसिटीत एखाद्या फ्लोअरवर बंगल्याचा हॉल लावलेला आहे आणि तीस-चाळीस पाहुणे नटून उभे आहेत. आधी काही सेकंद गाणं मोठ्याने वाजवतात. ताल अंगात भिनला की गाणं बंद, संवाद सुरू. आता त्या पाहुण्यांनी निःशब्द हॉलमध्ये, मनातला ठेका धरून, एकमेकांशी जुळवून नाचत राहायचं. पेला पेल्याला लावायचा, पण काच वाजता कामा नये. हसायचं तेही आवाज न करता. पुढून जाणाऱ्या बाईच्या चपलेच्या टाचेला खालून कापडाची पट्टी चिकटवलेली असते आणि हातातल्या बांगड्या किणकिणत असतील तर त्या काढून ठेवायला सांगतात. तिला ‘पासिंग’ दिलेलं असतं, म्हणजे कॅमेऱ्यासमोरून आडवं जायचं. कधी जायचं तेही ठरलेलं. नायक अमुक शब्दावर आला की निघायचं आणि त्याचं वाक्य संपण्याआधी चौकटीबाहेर जायचं. कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही. नायकाकडे तर मुळीच नाही, मग तो कितीही मोठा स्टार असो.

पुढे ‘वन मोअर’ होतो. पुन्हा तेच. मग कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेतात, दिवे बदलतात, तासभर जातो आणि तोच प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून. पर्स उजव्या खांद्यावर होती की डाव्या, सरबत अर्ध्यावर होतं की तळाला, वळून पाहिलं ते कोणत्या शब्दावर, हे सगळं त्या बाईने लक्षात ठेवायचं असतं. कंटिन्युइटी, म्हणजे एका टेकचा दुसऱ्याशी मेळ, पाहणारा सहायक असतो, पण त्याची नजर मुख्य नटांवर खिळलेली असते. चाळीस जणांचे चाळीस पेले तो एकटा कुठवर पाहणार? दोन मिनिटांच्या प्रसंगाला अर्धा दिवस सहज जातो. संध्याकाळी सहाच्या टेकला सकाळी दहाच्या टेकइतकंच ताजं हसणं चेहऱ्यावर आणणं ही कसबाची गोष्ट आहे. ज्यांना ‘नुसतं उभं राहायचं तर असतं’ असं वाटतं, त्यांनी एकदा तरी निमूटपणे आठ तास तसं उभं राहून पाहावं.

या न बोलण्यावर पैशांचंही गणित बसलेलं आहे. विनोदी नट जगदीप यांनी आपल्या सुरुवातीचा एक किस्सा सांगितला होता. ते लहान होते, घरची गरिबी होती. बी. आर. चोप्रा यांच्या ‘अफसाना’ (1951) मध्ये मुलांच्या घोळक्यात नुसतं बसायचे 3 रुपये ठरले होते. एका मुलाला उर्दूतलं वाक्य नीट म्हणता येईना. जगदीपनी शेजारच्या मुलाला विचारलं, ‘हे वाक्य म्हटलं तर किती?’ उत्तर आलं, दुप्पट. त्यांनी ते म्हटलं आणि एका वाक्याने त्यांची वाट बदलली. आजही सेटवर ज्याच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, त्याच्या मानधनाचा हिशेब वेगळा होतो. त्यामुळे ‘साहेब, गाडी आली’ या तीन शब्दांसाठी मागच्या रांगेतली माणसं किती आशेने सहायकाकडे पाहत असतात, ते सेटवर गेल्याशिवाय कळत नाही.

आता त्यांना आणतं कोण? मुंबईत या माणसांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात. पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट्स असोसिएशन आहे, स्त्रियांचा महिला कलाकार संघ आहे, आणि दोन्ही संघटना सिनेकामगारांच्या फेडरेशनशी जोडलेल्या आहेत. निर्मिती संस्था आपली गरज को-ऑर्डिनेटरला कळवते. तो आदल्या संध्याकाळी फोन किंवा मेसेज करतो : उद्या सकाळी सातची शिफ्ट, इतके जेंट्स, इतक्या लेडीज, विमानतळाचा सीन, कपडे फॉर्मल. कपडे बहुतेक वेळा स्वतःचेच न्यावे लागतात, तेही दोन-तीन जोड. भडक लाल नको, पांढराशुभ्र नको, छातीवर कंपनीचं नाव नको, बारीक रेघांचा शर्ट नको. यातल्या कशानेही नजर नायकावरून उडून मागे जाते किंवा कॅमेऱ्यात चित्र थरथरतं.

या धंद्यातली एक गोष्ट मला फार खटकते, ती म्हणजे माणसांची प्रतवारी. पार्टी, हॉटेल, विमानतळ यांसाठी ‘डीसेंट’ माणसं मागवली जातात आणि बाजार, मोर्चा, झोपडपट्टी यांसाठी दुसरी. वर्ग वेगळा तसा दरही वेगळा. ही निवड होते रंगावरून, उंचीवरून, केसांवरून. म्हणजे सावळ्या, ठेंगण्या माणसाला उन्हात मोर्च्यात पळायचं काम आणि पैसेही कमी, तर गोऱ्यागोमट्याला वातानुकूलित हॉलमध्ये उभं राहायचे जास्त. श्रमाशी या दराचा काडीचा संबंध नाही. कुलाब्याला फिरायला आलेल्या परदेशी पर्यटकांना फुटपाथवर गाठून सेटवर नेण्याची प्रथाही याच हिशेबातून आली. पडद्यावर श्रीमंती दाखवायची तर मागे गोरे चेहरे हवेत, ही समजूत आपल्या सिनेमाने लवकर सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं.

पैसे मिळतात, पण बऱ्याचदा थेट नाही आणि लगेच नाही. ते को-ऑर्डिनेटरमार्फत येतात, काही आठवड्यांनी येतात, आणि वाटेत त्याचं कमिशन कापलं जातं. सिनेकामगारांना लेखी करार मिळावा म्हणून संसदेने 1981 सालीच कायदा केला होता. रोजंदारीवर गर्दीत उभ्या राहणाऱ्याच्या हातात तो कागद क्वचितच पडतो. श्रेयनामावलीत नाव येणं तर दूरच. फराह खान यांच्या ‘ओम शांती ओम’ (2007) ने एका ज्युनिअर आर्टिस्टला नायक केलं, म्हणून तो चित्रपट मला जवळचा वाटतो.

गर्दीचा विषय निघाला की ‘गांधी’ची आठवण काढावीच लागते. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी अंत्ययात्रेचं दृश्य दिल्लीत 31 जानेवारी 1981 रोजी घेतलं. प्रत्यक्ष अंत्ययात्रेला त्या दिवशी बरोबर 33 वर्षं झाली होती. तीन लाखांवर माणसं आली. त्यांतल्या सुमारे 94 हजारांना थोडंसं मानधन होतं, बाकीची जवळपास दोन लाख माणसं आपणहून आलेली. 11 कॅमेरा पथकांनी 20 हजार फुटांहून जास्त फिल्म घेतली आणि चित्रपटात ते दृश्य उरलं 125 सेकंद.  

एवढी माणसं आता कोणी बोलवत नाही. दोनशे जणांना स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बसवतात, चित्रण करतात, उठवून दुसऱ्या कोपऱ्यात बसवतात आणि संगणकावर तुकडे जोडून मैदान भरतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लढायांसाठी तर ‘मॅसिव्ह’ नावाची प्रणाली बनवली गेली आणि तिच्यातून हजारो सैनिक लढू लागले. पुढची पायरी धोक्याची आहे. एकदा बोलवायचं, चेहरा-शरीर स्कॅन करायचं आणि मग माणसाशिवायच त्याला हव्या त्या चित्रपटात उभं करायचं. 2023 मध्ये हॉलिवूडचे नट 118 दिवस संपावर गेले, तेव्हा गर्दीतल्या कलाकारांच्या या डिजिटल प्रतिकृती हा मोठा वादाचा मुद्दा होता. शेवटी संमती आणि मोबदला दोन्ही करारात आले. आपल्याकडच्या संघटनांनी हा मुद्दा आजच हातात घ्यायला हवा, कारण इथे अनेकांचं घर याच कामावर चालतं. ते किती, हे 2020 मध्ये दिसलं. कोविडच्या टाळेबंदीनंतर शूटिंग सुरू झालं, तेव्हा राज्य सरकारने 65 वर्षांवरच्यांना सेटवर बंदी केली होती. छोट्या भूमिकांवर चार दशकं गुजराण केलेला एक सत्तर वर्षांचा कलाकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली.

आता तुमच्या हौशीबद्दल. वाईत राहता, म्हणजे मुंबईला जायची गरज नाही. ‘स्वदेस’पासून कितीतरी चित्रपटांची युनिट तुमच्या दारात येऊन गेली आहेत. सातारा-कोल्हापूरकडे मालिकांचं चित्रणही चालतं, आणि बाहेरगावच्या युनिटला गावगर्दीसाठी स्थानिक माणसं हवीच असतात. युनिटची व्यवस्था पाहणारा लाइन प्रोड्यूसर एखाद्या स्थानिक माणसाला हाताशी धरतो. त्याच्याकडे साधा, मेकअप न केलेला फोटो, उंची आणि फोन नंबर देऊन ठेवा. पैसे मात्र कोणालाही देऊ नका. नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी, ‘संघटनेचं कार्ड काढून देतो’ म्हणून मागितलेले पैसे, या सगळ्याला सरळ नकार द्यायचा. काम देणारा माणूस कामाचे पैसे देतो, घेत नाही.

घरच्या मुलांना बरोबर न्यायचं मनात असेल तर नियम माहीत असू द्या. बालकलाकारासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवा. घोळक्यात बसवायचं असलं तरी ही चौकशी करा.

आणि होकार देण्याआधी को-ऑर्डिनेटरला फोनवर नव्हे, मेसेजवर विचारा : शिफ्ट किती तासांची, जास्त थांबावं लागलं तर त्याचं काय, पैसे किती आणि कोणत्या तारखेला, जेवण आणि कन्व्हेयन्स वेगळा की त्यातच. बरोबर जाणाऱ्या बायका असतील तर कपडे बदलायला बंद खोली आहे का, हेही विचारा. पॅकअप रात्री अकराला झालं तर युनिटची गाडी वाईपर्यंत सोडणार आहे का, याचं उत्तरही लेखी घ्या, कारण त्या वेळी मेणवलीहून परतायला दुसरं वाहन मिळेलच असं नाही.