सारखी वीण घेतली तर घोडी थकते का?

प्रश्न : माइनक्राफ्टमध्ये मी दर पाच मिनिटांनी घोड्यांची वीण घेतो. सारखी शिंगरं झाली की घोडी खंगते, असं मित्र म्हणतो. किती अंतर ठेवू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : निर्धास्त राहा, घोडी खंगत नाही. मुळात या गेममध्ये घोडा-घोडी असा भेदच नाही! शिंगराचा वेग, उडी आणि ताकद ठरते ती आईबापांवरून आणि थोडी नशिबावर. खरा खर्च सोन्याचा, कारण विणीसाठी घोड्यांना सोनेरी सफरचंद किंवा सोनेरी गाजर खाऊ घालावं लागतं. सोनेरी सफरचंदाला सोन्याच्या आठ विटा लागतात, सोनेरी गाजराला आठ कण, गाजरच द्या. शिंगरू वीस मिनिटांत मोठं होतं. त्याला पळवून बघा, आईबापांपेक्षा सरस निघालं तरच पुढची वीण त्याच्यापासून घ्या. गाढवाशी जोडी मात्र टाळा. त्यातून होणाऱ्या खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत.