बलिदान की हिशेब? – मॉर्फीच्या एका डावाचा अभ्यास

बुद्धिबळात वजिराचे बलिदान पाहिले की प्रेक्षक हटकून ‘वाहवा’ म्हणतात. आपला सर्वांत बलाढ्य मोहरा प्रतिस्पर्ध्याच्या हाती देऊन डाव जिंकायचा, यात नाट्य आहे हे खरेच. पण ही वाहवा योग्य त्या चालीला मिळते काय? माझ्या मते बहुधा मिळत नाही. हे मत एका प्रसिद्ध डावाच्या आधारे मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. वाचकांनी शक्य तर पट मांडून बसावे.

पॉल मॉर्फी हा अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात, रंगमंचावर प्रयोग चालू असताना, ब्रुन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर या दोघांनी आपसांत सल्लामसलत करीत त्याच्याशी हा डाव खेळला. मॉर्फीचे वय तेव्हा अवघे २१ होते. पांढरी मोहरी त्याची.

पटाचे उभे स्तंभ पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ‘ए’ ते ‘एच’, आणि आडव्या ओळी त्याच्याच बाजूने १ ते ८ समजाव्यात. व म्हणजे वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह. नुसते घर लिहिले असेल तेथे प्याद्याची चाल.

१. ई४ ई५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ उं-जी४ ४. डी×ई५ उं×एफ३ ५. व×एफ३ डी×ई५ ६. उं-सी४ घो-एफ६ ७. व-बी३ व-ई७ ८. घो-सी३ सी६ ९. उं-जी५ बी५ १०. घो×बी५ सी×बी५ ११. उं×बी५+ घो(बी८)-डी७ १२. वजिराच्या बाजूस किल्लेकोट, ह-डी८ १३. ह×डी७ ह×डी७ १४. ह-डी१ व-ई६ १५. उं×डी७+ घो×डी७ १६. व-बी८+ घो×बी८ १७. ह-डी८ मात.

प्रथम १६वी चाल पाहू. वजीर बी८ वर जाऊन शह देतो. काळ्या राजाला हलायला घर नाही. मध्ये घालायला मोहरा नाही. घोड्याने वजीर मारणे एवढीच चाल उरते. घोडा हलताच डी स्तंभ मोकळा होतो आणि हत्ती मात देतो. जी५ वरील उंट हत्तीला आधार देतो व ई७ हे घरही रोखून धरतो. चाल देखणी आहे, यात शंका नाही. परंतु यात धोका कोणता? पुढचे सर्व निश्चित आहे. ऑस्ट्रियन खेळाडू रुडॉल्फ श्पीलमान याने १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात बलिदानाचे दोन प्रकार मानले आहेत. ज्याचा मोबदला अगोदर मोजता येतो ते नाममात्र, आणि जेथे मोबदला मोजता न येता केवळ परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा लागतो ते खरे. या कसोटीवर मॉर्फीचे वजीर देणे नाममात्र ठरते. तो हिशेब आहे.

मग खरा निर्णय कोठे झाला? ८व्या चालीला, असे मला वाटते. तेथे पांढऱ्या वजिराला बी७ वरील प्यादे फुकट मिळत होते. मात्र ते घेताच काळा वजीर बी४ वर येऊन शह देतो व वजिरांची अदलाबदल होते. एक प्यादे अधिक घेऊन मॉर्फी सावकाश जिंकू शकला असता. तो मोह सोडून त्याने घोडा बाहेर काढला. कारण काळ्याचा वजीर ई७ वर आपल्याच उंटाची वाट अडवून उभा होता. उंट निघाल्याशिवाय त्या बाजूचा किल्लेकोट नाही, आणि किल्लेकोट नाही तोवर राजा मध्येच उघडा.

१०व्या चालीचा घोडा दोन प्याद्यांच्या बदल्यात गेला. प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९ असे मोल धरले, तर हा तोटाच. पण मिळाला तो वेळ. १२व्या एकाच चालीत मॉर्फीचा राजा सुरक्षित झाला आणि हत्तीही डी स्तंभावर आला. डी७ वरचा घोडा राजापुढे जखडलेला, एफ६ वरचा वजिरापुढे. १३व्या चालीला एक हत्ती कामी आला. लगेच दुसरा त्याच्या जागी उभा राहिला. पांढऱ्याचा एकही मोहरा बेकार नाही.

मात झाली त्या क्षणी पटावरची बेरीज करून पाहावी, राजे सोडून. पांढऱ्याकडे हत्ती, उंट व ७ प्यादी, म्हणजे १५. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा व ५ प्यादी, म्हणजे २५. तरीही काळा हरला. त्याचा एच८ वरील हत्ती व एफ८ वरील उंट संपूर्ण डावात एकदाही हलले नाहीत. कागदावर त्यांचे मोल ८; लढाईत शून्य.

यावर कोणी म्हणेल की प्रतिस्पर्धी दुबळे होते. आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. १९६० साली मॉस्कोत जगज्जेतेपदाच्या सामन्यातील ६व्या डावात मिखाईल ताल याने बोट्विनिकविरुद्ध २१व्या चालीला एफ४ वर घोडा देऊ केला. पुढील सर्व शक्यता पटावर बसून मोजणे अशक्य होते. बोट्विनिकला अधिक चांगला बचाव उपलब्ध होता, असे नंतरच्या पृथक्करणात आढळले. तरी तो डाव ताल जिंकला, आणि पुढे सामनाही. श्पीलमानच्या अर्थाने हे खरे बलिदान. पण त्यालाही आंधळे धाडस म्हणता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याला अवघड प्रश्न कोठे पडतील, हे तालने ओळखले होते.

तेव्हा एखाद्या डावाचा अभ्यास करताना शेवटच्या चमकदार चालीपासून उलट मागे जावे. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत: राजा कोणाचा उघडा आहे? कोणते मोहरे झोपलेले आहेत? कोणता सोपा लाभ नाकारला गेला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर छापील टिपणांत क्वचितच सापडते, म्हणून ते स्वतः शोधावे लागते. ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी वरील डाव ७व्या चालीपर्यंत मांडावा, बी७ वरचे प्यादे खुशाल मारावे आणि पुढे मित्राशी खेळून पाहावे. डाव कदाचित जिंकतील. पण १७ चालींत खचित नाही.