देशोदेशींचे मोबाइल क्रमांक : लेखन आणि वापर

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील माणसे आज आखाती देशांत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत वा सिंगापुरात नोकरी-व्यवसाय करीत आहेत. गावी घरातील कोणी अत्यवस्थ झाले, वारसनोंदीसाठी संमती हवी असली, किंवा शाळेला पालकांशी बोलावयाचे असले, तर त्यांच्याशी तातडीने संपर्क साधावा लागतो. नोंदवहीत क्रमांक असतो. परंतु तो अपुरा लिहिलेला असल्यास ऐन वेळी फोन लागत नाही. म्हणून या क्रमांकांची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

क्रमांकाची रचना

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या मानकानुसार कोणताही आंतरराष्ट्रीय क्रमांक १५ अंकांहून मोठा असू शकत नाही. त्याच्या प्रारंभी एक ते तीन अंकी देश-संकेतांक असतो. भारताचा ९१, ब्रिटनचा ४४, सिंगापूरचा ६५, तर संयुक्त अरब अमिरातीचा ९७१ आहे. अमेरिका व कॅनडा यांचा संकेतांक १ हा सामाईक आहे.

संकेतांकापूर्वीचे अधिक (+) हे चिन्ह 'येथे देशाबाहेर जाण्याचा अंक लावा' असे सुचविते. हा अंक भारतात व बहुतेक देशांत ००, अमेरिकेत ०११, जपानमध्ये ०१०, तर ऑस्ट्रेलियात ००११ असा आहे. मोबाइलवर मात्र + हे चिन्हच वापरावे. ते सर्व देशांत चालते.

शून्य केव्हा गाळावे?

ब्रिटन व अमिराती येथे देशांतर्गत मोबाइल क्रमांकाआधी शून्य लावतात. देश-संकेतांक लावताच हे शून्य गळते. ब्रिटनमध्ये नाट्यप्रयोगासाठी राखून ठेवलेला ०७७०० ९००१२३ हा क्रमांक उदाहरणादाखल घेऊ. तो भारतातून +४४ ७७०० ९००१२३ असा लावावा लागेल. काही जण '+४४ (०)' असे लिहितात. त्याने घोटाळा होतो, म्हणून कंस टाळावा. इटली हा मात्र अपवाद होय. तेथील स्थिर दूरध्वनीच्या क्रमांकाचे शून्य परदेशातून फोन करतानाही कायम ठेवावे लागते. मोबाइल क्रमांक ३ या अंकाने सुरू होतात.

भारतातही १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक करण्यात आले. परदेशातील आप्तांना क्रमांक कळविताना हे शून्य देऊ नये. +९१ व पुढे दहा अंक, एवढेच द्यावे.

दहा चौकटींचा धोका

आपल्याकडील बहुतेक अर्जांत मोबाइल क्रमांकासाठी दहाच चौकटी असतात. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. सिंगापूरचा आठ अंकी क्रमांक ६५ सह लिहिला, तर तोही दहा अंकीच होतो आणि ६ ने सुरू होतो! + हे चिन्ह वगळले, तर असा क्रमांक भारतीयच वाटतो आणि निरोप भलत्याच व्यक्तीकडे जातो. अमेरिकेचा क्रमांकही संकेतांकाविना दहा अंकी असतो. केवळ अंक मोजून क्रमांकाची खात्री पटत नाही, ती यामुळेच.

कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांनी परदेशस्थ व्यक्तीचा क्रमांक + चिन्ह, देश-संकेतांक व देशाचे नाव यांसह नोंदवावा. अर्जात चौकटी अपुऱ्या असल्यास शेऱ्याच्या रकान्यात पूर्ण क्रमांक लिहावा आणि नोंद करतानाच एकदा फोन लावून पाहावा. एवढी दक्षता घेतल्यास अडचणीच्या वेळी निरोप योग्य माणसापर्यंत पोहोचेल.