टिकाऊ कोणतें आणि टाकाऊ कोणतें?



गतवर्षीं एके सायंकाळीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी आम्हांस क्रांती चौकांत भेटला. त्याचा चेहरा अगदीं उतरला होता. शाळेच्या वार्षिकासाठीं तो मोबाइलवर निबंध लिहीत होता आणि दोन पानें मजकूर झाला होता. चौकांत येतांच त्यानें शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचें छायाचित्र घेतलें, नकाशा उघडून घरचा रस्ता पाहिला, आणि पुन्हां निबंधाकडे वळला, तों पान कोरें! मौज अशी कीं, छायाचित्रांच्या छोट्या प्रतीही क्षणभर नाहींशा झाल्या होत्या. परंतु त्या एकामागून एक आपोआप परत आल्या. निबंध मात्र आला नाहीं. "सर, फोटो पुन्हां येतील पण माझें लिहिणें पुन्हां येणार नाहीं, एवढेंही फोनला कळूं नये काय?" असें त्यानें विचारलें. प्रश्न लहान, पण मोलाचा. म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊं. मोबाइल असो वा संगणक असो, त्यांत साठवणीच्या दोन जागा असतात. एक कायमची, ती वहीप्रमाणें वीज गेली तरी लिहिलेलें राखते. दुसरी रॅम, ती वर्गांतील फळ्यासारखी. तिच्यावर लिहिणें-पुसणें फार जलद होतें, परंतु जागा थोडी, आणि वीज जातांच सारें पुसलें जातें. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम ह्या फळ्याचा वाटा मागतो. तो वाटा मोजून देणारा आणि वेळ पडल्यास परत घेणारा जो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. फिनलंडच्या लिनस टॉर्व्हल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं लिनक्स नांवाचें कर्नेल लोकांपुढें ठेविलें. अँड्रॉइड मोबाइलांत तेंच काम करतें. कर्नेल रॅमचे सारखे तुकडे पाडतें. त्यांस पानें म्हणतात. एक पान पुष्कळ ठिकाणीं ४०९६ बाइटांचें असतें.

रिकामीं पानें कमी होऊं लागलीं म्हणजे मेमरीवर ताण आला असें म्हणतात. ज्या शहरानें नळाच्या पाण्याची वाट पाहण्यांत वर्षें काढलीं, त्या आपल्या शहरास हें समजावयास कठीण नाहीं. टाकीतील पाणी एका खुणेखालीं गेलें कीं गृहिणी काटकसर सुरू करते. लिनक्समध्यें रिकाम्या पानांच्या अशा तीन खुणा ठरलेल्या असतात. पातळी मधल्या खुणेखालीं उतरली कीं केस्वॅपडी नांवाचा सेवक पडद्यामागें जागा होतो आणि ती वरच्या खुणेपर्यंत येईतों पानें मोकळीं करीत राहतो. पातळी सर्वांत खालच्या खुणेखालीं गेली तर मात्र जो प्रोग्रॅम पान मागतो, त्यासच आपलें काम थांबवून जागा मोकळी होईपर्यंत खोळंबावें लागतें. मोबाइल अडखळतो त्याचें हें एक कारण होय.

आतां मोकळीं करावयाचीं तीं पानें कोणतीं? कायमच्या साठवणींतील फाइलीची केवळ नक्कल असलेलें पान निःशंक पुसतां येतें. त्या नकलेंत बदल झाला असेल तर तो आधीं फाइलींत लिहावा लागतो. परंतु प्रोग्रॅमनें स्वतः रॅममध्येंच निर्माण केलेल्या पानाची प्रत दुसरीकडे नसते. तें दाबून लहान करून ठेवावें, किंवा कायमच्या साठवणींत तात्पुरतें हलवावें, एवढाच मार्ग; आणि त्यास वेळ व श्रम दोन्ही लागतात.

येथेंच त्या मुलाच्या प्रश्नाचें मूळ आहे. छायाचित्राची छोटी प्रत आणि निबंधाचा परिच्छेद, हीं दोन्ही कर्नेलच्या दृष्टीनें एकाच जातीचीं पानें. पहिली पुन्हां करतां येते, दुसरा येत नाहीं, हें त्यास दिसत नाहीं. कोणत्या पानास अलीकडे हात लागला आणि कोणत्यास लागला नाहीं, इतकेंच त्यास दिसतें. त्यास वापर कळतो, मोल कळत नाहीं.

मग मोल कोणास कळतें? ज्यानें तें पान लिहिलें त्यासच. परिचयाचें उदाहरण म्हणून महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांची पद्धति पाहा. तेथें कागदपत्रांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्गाचे कागद कायम जपावयाचे. ड वर्गाचे एका वर्षानंतर नष्ट करावयाचे. सहा गठ्ठ्यांच्या पद्धतींत अशा नष्ट करावयाच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा बांधतात. त्यामुळें कपाट भरलें म्हणजे शिपायास एकेक कागद वाचीत बसावें लागत नाहीं. ज्या कारकुनानें प्रकरण हाताळलें, त्यानें खूण आधींच करून ठेविलेली असते.

संगणकांतही हाच उपाय योजिला आहे. अँड्रॉइडबरोबर आलेल्या ॲशमेम नांवाच्या सोयींत प्रोग्रॅम आपल्या मेमरीच्या एखाद्या भागाची जणूं टाचणी काढून ठेवूं शके. त्याचा अर्थ असा कीं, "हा भाग मला तूर्त नको, टंचाई पडली तर खुशाल पुसा, न पडली तर असूं द्या." पुढें तो भाग हवा झाला कीं प्रोग्रॅमनें पुन्हां टाचणी लावावयाची, आणि भाग शाबूत आहे कीं पुसला गेला, हें कर्नेलनें त्याच वेळीं सांगावयाचें. विंडोज ८.१ मध्यें अशीच सोय आली. तींत प्रोग्रॅम मेमरी देऊं करतांना तिच्या महत्त्वाच्या चार पायऱ्यांपैकीं एक नेमून देतो.

लिनक्सच्या मूळ शाखेंत २०१६ सालच्या ४.५ ह्या आवृत्तींत मॅडव्ह-फ्री ही सूचना आली. तिचा नियम थोडा निराळा आहे. सूचना दिल्यावर पान लगेच जात नाहीं. ताण येईल तेव्हांच जातें. त्यापूर्वीं प्रोग्रॅमनें त्यांत कांहीं लिहिलें तर खूण रद्द होऊन पान वांचतें. परंतु पान गेल्यावर तें वाचूं गेल्यास कर्नेल "गेलें" असें सांगत नाहीं. शून्यांनीं भरलेलें नवें पान पुढें करतें. तें ओळखण्याचा भार प्रोग्रॅमवरच राहतो.

ह्या तडजोडींत दोघांचाही लाभ आहे. टाकलेलें पान कोठेंही उतरवून ठेवावें लागत नाहीं, म्हणून कर्नेलचे श्रम वांचतात. आणि टंचाई नसेल तोंवर प्रोग्रॅमला तीच वस्तु पुन्हां घडवावी लागत नाहीं. मात्र अटी दोन आहेत. जें पुन्हां घडवितां येतें त्यावरच टाकाऊपणाची खूण करावी. आणि तें परत हातीं घेतांना अजून आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

पण सर्वच प्रोग्रॅम "माझें सारेंच महत्त्वाचें" म्हणून बसले तर? तर कर्नेलला टाकण्याजोगीं पानें मिळत नाहींत, आणि शेवटीं अख्खा प्रोग्रॅमच बंद करावा लागतो. त्यासाठीं लिनक्समध्यें प्रत्येकास उणे १००० पासून १००० पर्यंतचा एक अंक दिलेला असतो. अंक जितका मोठा, तितकी जाण्याची पाळी जवळ. अँड्रॉइडमध्यें डोळ्यांसमोर असलेल्या प्रोग्रॅमचा अंक लहान, मागें पडून राहिलेल्याचा मोठा. बंद होतांना निरोप घेण्यास क्षणाचाही अवधि मिळत नाहीं.

त्या मुलाच्या बाबतींत असेंच घडलें असावें. कॅमेरा आणि नकाशा हे दोघेही मोठे वाटेकरी. ते पुढें आले आणि मागें पडलेला लिहिण्याचा प्रोग्रॅम गेला. छोटीं चित्रें मूळ छायाचित्रांवरून पुन्हां काढतां आलीं. निबंधाची मूळ प्रत कोठेंच नव्हती. ह्यांत दोष कर्नेलचा नव्हे. दृष्टिआड होतांनाच मजकूर कायमच्या साठवणींत उतरविणें हें त्या प्रोग्रॅमचें काम होतें, तें झालें नाहीं.

हें सारें आम्हीं उड्डाणपुलाच्या सावलींत उभ्या उभ्या त्यास सांगितलें. त्यानें आमच्याजवळचा एक कागद मागून घेतला आणि आठवतील तेवढीं वाक्यें तेथेंच लिहून काढलीं. निबंध त्यानें दुसऱ्यांदा पुरा केला व तो चांगलाही झाला. परंतु पहिला कसा होता, हें आतां त्यासही सांगतां येत नाहीं.

स्वाध्याय:
१. आपल्या दप्तरांतील कागदांचे दोन गठ्ठे करा: पुन्हां मिळतील असे आणि मिळणार नाहींत असे.
२. फाइलीची नक्कल असलेलें पान आणि प्रोग्रॅमनें स्वतः लिहिलेलें पान ह्यांतील भेद सांगा.
३. टाकाऊ म्हणून खूण केलेलें पान परत वापरतांना आधीं काय पाहावें, व कां?