दोन भाऊ आणि एक वाट

(वाचन : तीताला पत्र १:५–१३)

समजा, एक उपदेशक मालेगांवाहून वाशीमास पायीं निघाला आहे. वाटेंत दोन फाटे लागतात. त्यांतील एकच वाशीमास जातो. तेथें दोन भाऊ बसले आहेत. एक सदा खरें बोलतो, दुसरा सदा खोटें. कोण कसा, हें त्या दोघांसच ठाऊक. उपदेशकास एकालाच, आणि एकच प्रश्न विचारावयाचा आहे. त्यानें काय विचारावें?

त्यानें असें विचारावें : “वाशीमची वाट तुझ्या भावास विचारली, तर तो कोणती दाखवील?” खरा भाऊ लबाडाचें खोटें उत्तर जसेंच्या तसें सांगेल, लबाड भाऊ खऱ्याचें उत्तर उलटून सांगेल. दोन्ही प्रकारें चुकीचीच वाट दाखविली जाईल. म्हणून उपदेशकानें दुसरी धरावी.

येथें लबाडही उपयोगी पडला, कारण त्याचें खोटें नेमाचें होतें. पण तेथें कधीं खरें, कधीं खोटें बोलणारा तिसरा भाऊ बसला असता, तर त्यास हाच प्रश्न विचारणें व्यर्थ झालें असतें.

पौलानें मंडळ्यांत वडील नेमण्यास तीताला क्रेत बेटांत ठेविलें. क्रेतकरांच्याच एका संदेष्ट्यानें आपल्या लोकांस सदा लबाड म्हटलें, आणि ती साक्ष खरी आहे, असें तो त्यास लिहितो. आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंताच्या मतें हा संदेष्टा एपिमेनिदेस होय. तर्कशास्त्री विचारतात : बोलणारा स्वतः क्रेतकर, प्रत्येक क्रेतकराचें प्रत्येक वाक्य खोटें असेल, तर हें वाक्य खरें कसें? आम्हांस वाटतें, तेथें ‘सदा’ हा शब्द लोकांच्या संवयीविषयीं आहे. कोड्यांतला लबाड भाऊ क्रेतांतही नव्हता. जगांत आढळतो तो तिसरा भाऊ. एदेन बागेंत सर्पही तसाच बोलला : डोळे उघडतील हें खरें, मरण येणार नाहीं हें खोटें, आणि दोन्ही एकाच दमांत (उत्पत्ति ३:४–७).

उसनवारींत, बाजारच्या मापांत, तहशिलींतल्या साक्षींत आपण शंभरांतून एकदां फिरलों, तर उरलेल्या नव्याण्णव वेळांचा भरंवसा उडतो. मग आपली ख्रिस्ताविषयींची साक्ष गांवानें कोणत्या आधारावर मानावी? म्हणूनच आपला होकार व नकार शपथेवांचून पुरेसा असावा, असें प्रभूनें शिकविलें (मत्तय ५:३७).

उपदेशकांनीं हें कोडें मंडळींत घालावें, आणि उत्तर निघाल्यावर प्रत्येकानें स्वतःस विचारावें : तिसरा भाऊ मीच तर नाहीं ना?