भाड्याचा फ्लॅट हाही एक धंदाच आहे, त्याची वही वेगळी ठेवा



या आठवड्याच्या व्हिडिओत भाड्याने दिलेल्या घराचं गणित आपण फळ्यावर मांडलं होतं. पंधरा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि तुमचे आकडे टाकत टाकत वाचा.

उदाहरण आपल्याच बॅचमधलं आहे, ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केलेत. नऱ्ह्याला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान असलेले एक दादा. दुकान चांगलं चाललेलं. कोणीतरी सांगितलं, "पैसा दुकानात अडकवू नका, फ्लॅट घ्या, भाड्यात हप्ता निघतो." त्यांनी धायरीत ६० लाखांचा टू बीएचके घेतला. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता साधारण ३४,७००. भाडं आलं १८,०००. दादांचा हिशोब सोपा होता: खिशातून फक्त १६,७०० जातात, तेवढं दुकान देईल.

दोन वर्षांनी ते माझ्याकडे आले ते फ्लॅटसाठी नाही. "सर, दुकानात माल भरायला पैसा उरत नाही, विक्री तर कमी झालेली नाही," ही तक्रार घेऊन आले. वही उघडली आणि गळती फ्लॅटमध्ये सापडली.

आता हे आकडे नीट बघा. वर्षाचं भाडं २,१६,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,५०० प्रमाणे ३०,०००. महापालिकेची मिळकतपट्टी १२,०००. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं, म्हणजे १८,००० गेले. नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटला एक महिन्याचं भाडं, आणखी १८,०००. रंग, नळ, गिझर, दाराचं लॅच मिळून १२,०००. एकूण ९०,०००. हातात राहिले १,२६,०००. म्हणजे ६० लाखांवर जेमतेम २.१ टक्के, आणि त्यात खरेदीचं मुद्रांक शुल्क मी धरलेलंच नाही.

हप्त्यापोटी वर्षाला जातात सुमारे ४,१६,०००. वजाबाकी केली की महिन्याला खिशातून जातात २४,००० च्या वर. दादा १६,७०० धरून चालले होते. मधले साडेसात हजार दर महिन्याला दुकानाच्या गल्ल्यातून गुपचूप जात होते आणि त्याची कुठेच नोंद नव्हती. कोणी म्हणेल, हप्त्यातलं मुद्दल तर आपल्याच खात्यात जमा होतं. होतं, पण पहिल्या वर्षी हप्त्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग व्याजाचाच असतो.

इथे एक गोष्ट खास पुणेकरांसाठी. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतपट्टीत ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती राहत नाही. खूप जण जुन्या बिलावरून खर्च धरतात आणि नंतर दचकतात.

सोसायटीचंही ऐकून घ्या. भाडेकरू ठेवला म्हणून "ना-वापर शुल्क" लागतं ते खरं, पण राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये. कुठे हजार-दीड हजार लावत असतील तर भांडू नका, कमिटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

रिकाम्या महिन्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. ज्याच्याकडे दहा खोल्या आहेत त्याची एक रिकामी राहिली तर दहावा भाग गेला. तुमच्याकडे एकच फ्लॅट आहे, तो रिकामा म्हणजे उत्पन्न शून्य, आणि हप्ता तर त्याच तारखेला कापला जाणार. म्हणून हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून दोन महिने घर अडवून धरू नका. अठरा हजारांचे एकोणीस मिळवायला छत्तीस हजार घालवले, तर ते भरून यायला तीन वर्षं लागतील! चांगला, वेळेवर भाडं देणारा माणूस असेल तर पाच टक्के वाढ सोडली तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता करार. यात माझीच चूक सांगतो. माझ्या एका छोट्या फ्लॅटचा करार संपला. भाडेकरू सज्जन, भाडं वेळेवर येत होतं, म्हणून मी म्हटलं, करू निवांत. चार महिने तसेच गेले. मग त्यांची नोकरी गेली, भाडं थांबलं, आणि माझ्या हातात चालू करारच नव्हता. शेवटी गोडीगुलाबीने सुटलं, पण ते तीन महिने झोप लागली नाही.

"अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

आणि नोंदणीचा फायदा बघा. कलम २४ मध्ये मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्यासाठी लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार हातात हवा. खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम मिळवायची. आपल्या उदाहरणात हे पाचशे-सहाशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,०००. घरबसल्या थंब देऊन ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी ६० लाखांची मालमत्ता उघड्यावर ठेवायची?

अकरा महिन्यांचाच हट्टही नको. ६० महिन्यांपर्यंतचा करार याच दराने होतो. चोवीस महिन्यांचा करा, दुसऱ्या वर्षाची वाढ आधीच लिहा, सोडताना किती दिवसांची नोटीस ते लिहा. एजंटला हे फारसं आवडणार नाही, कारण त्याचं कमिशन दर वर्षी नव्या करारातून निघतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं विसरू नका. आणि भाडं थकलं तरी पाणी तोडणं, कुलूप बदलणं असले प्रकार अजिबात नाहीत. तक्रार तुमच्यावरच होते.

डिपॉझिटबद्दल दादांनी जे केलं ते बरेच दुकानदार करतात. ६०,००० आले, दिवाळीच्या मालात गेले. भाडेकरूने जानेवारीत घर सोडलं तेव्हा परत द्यायला पैसे नाहीत, म्हणून "भिंती खराब केल्यात" असा वाद सुरू झाला. भिंती खराब नव्हत्या, गल्ला रिकामा होता. डिपॉझिट ही दुसऱ्याची अनामत आहे, ती वेगळ्या खात्यात एफडी करून ठेवा. किल्ली देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि मीटरचा फोटो काढून भाडेकरूला पाठवा. महावितरणचं बिल तुमच्या नावावर असतं, थकलं तर तुमच्याच गळ्यात पडतं.

टॅक्सचं थोडक्यात: भाड्यातून भरलेली मिळकतपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग दुरुस्ती पाच हजारांची असो की पन्नास. गृहकर्जाचं व्याजही भाड्यातून वजा होतं. पण नव्या कर प्रणालीत त्यातून होणारा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. "व्याजामुळे टॅक्स वाचेल" म्हणून फ्लॅट घेणार असाल तर आधी सीएंना विचारा.

दादांचं पुढे काय झालं, हे कमेंटमध्ये विचारलं होतं. फ्लॅट विकला नाही. ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याला १७,००० ला दिला, चोवीस महिन्यांचा नोंदणीकृत करार, एजंट नाही. फ्लॅटचं वेगळं खातं उघडलं. दुकानातून तिथे दर महिन्याला ठरलेली रक्कम जाते आणि ती खर्च म्हणून वहीत लिहिली जाते. पहिल्यांदा तो आकडा लिहिताना ते बराच वेळ गप्प बसले होते. आता दर तीन महिन्यांनी दोघं नवरा-बायको बसून ठरवतात, फ्लॅट ठेवायचा की कर्ज फेडून मोकळं व्हायचं.

तुमचा गृहपाठ: आज रात्री कपाटातून करार काढा आणि तो कधी संपतो ती तारीख मोबाइलमध्ये दोन महिने आधीच्या अलार्मसह टाका. मग वर दिलेली वजाबाकी तुमच्या आकड्यांनी करा. पुढच्या व्हिडिओत दुकानाचा गाळा भाड्याने देण्याचं गणित घेऊ, तिथे टीडीएस आणि जीएसटीचे नियम वेगळे आहेत.