कळलावी आणि आफ्रिकेचे कांदे

वैशाख सरता सरता आपल्याकडे परसात जमिनीतून सरळ एक दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला लाल चेंडू फुलतो. जवळून पाहिले तर तो चेंडू म्हणजे शंभराच्या आसपास बारीक फुलांचा गोंडा असतो. आपण त्याला 'मे फ्लॉवर' म्हणतो. हा कांदा मूळचा आफ्रिकेचा, थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेला, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात कळले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कलाशाखा घेतल्यामुळे दहावीनंतर विज्ञान सुटले, पण कांद्यांचा नाद सुटला नाही. त्या नादापायी जे वाचले आणि करून पाहिले, ते येथे मांडते.

दक्षिण आफ्रिका ही कंदफुलांची खाण आहे. ग्लॅडिओलस, फ्रीझिया, क्लिव्हिया ही सारी मंडळी तिकडची. पण तिकडचा प्रत्येक कांदा रत्नागिरीत जगेल असे नाही, आणि याचे कारण पाऊस. केपटाऊनच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. फ्रीझियासारखे तेथील कांदे थंडीत वाढतात आणि उन्हाळा लागला की जमिनीत झोपतात. त्यांच्या झोपेच्या काळात आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मग कांदा कुजला तर दोष कोणाचा? उलट त्या देशाच्या पूर्वेकडील क्वाझुलू-नाताळ प्रांतात पाऊस उन्हाळ्यात येतो. तिकडचे कांदे पावसाच्या चाहुलीने जागे होतात. ते आपल्याकडे रमण्याची शक्यता अधिक. रोपवाटिकेत कांदा विकत घेताना रंगीत चित्रापेक्षा ही चौकशी आधी करावी.

याच नाताळ प्रांतात एक वेल रानोमाळ उगवते. पानांची टोके ताणासारखी गुंडाळलेली, फुलाच्या पाकळ्या नागमोडी कडांच्या, वर उलटलेल्या, आधी पिवळ्या आणि मग लाल. वाचकांनी ओळखलीच असेल. ती आपली कळलावी! आपल्या वईवर आणि गडग्यावर श्रावणात फुलणारी आणि ही, दोन्ही एकाच जातीच्या. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे, आणि तमिळनाडूचे राज्यफूलही. तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून कळलावी. भांडणे लावणाऱ्या माणसाला आपण कळलाव्या म्हणतो, त्या बिचाऱ्याचा मात्र या वेलीशी संबंध नाही. वेल सर्वांगी विषारी आहे, कंद तर फारच. त्यातील कोल्चिसिन हे द्रव्य बेताच्या मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर औषध ठरते. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी याच द्रव्याने वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करता येतात असे दाखविले, आणि संकर करणाऱ्यांच्या हाती मोठे साधन आले.

आता परागीभवन. कळलावीचे फूल खाली मान घालून असते, सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले असतात आणि कुक्षीवृंत बुडापाशीच काटकोनात वळून बाहेर जातो. म्हणजे फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर सहसा पडू नयेत अशीच रचना. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते. तेथे मजूर सकाळी ताटव्यांतून फिरून एकेका फुलाला हाताने पराग लावतात.

घरी हे काम अवघड नाही. उमलू लागलेल्या फुलाचे परागकोश फुटण्यापूर्वी चिमट्याने काढून टाकावेत. दुसऱ्या वेलीच्या नुकत्या फुटलेल्या परागकोशाची पिवळी भुकटी कुक्षीच्या तिन्ही टोकांना हलके लावावी, फुलावर पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि देठाला दोरा व तारीख. मग साबणाने हात धुवावेत, हे विसरू नये.

'दुसरी वेल' म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. एका कांद्याची पिल्ले वेगळी करून दहा घरी लावली तरी ती दहा झाडे नव्हेत. एकच झाड दहा जागी आहे. आमच्या वाडीतले सारे मे फ्लॉवर एका काकूंच्या परसातून वाटले गेले आहेत. त्यांचे पराग एकमेकांना लावणे म्हणजे नुसती घरातली अदलाबदल. म्हणून कळलावीचे पराग मी लांज्याकडच्या मावशीच्या गावाहून कागदाच्या पुडीत, पत्र्याच्या डबीत घालून आणले. आजी म्हणाली, "काय गो, कालेजात फुलांची लग्नं लावायला शिकवतात होय?" आठ फुलांना पराग लावले, पाच शेंगा धरल्या. हात न लावलेल्या फुलांपैकी एकाच फुलाला शेंग आली.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गौरीसाठी आम्ही मुली कळलावीची फुले तोडून आणतो. जे फूल तोडले त्याची शेंग होत नाही. पूर्वी वईवर इतकी फुले असत की तोडून उरत. आता वाडीत वई जाऊन चिऱ्यांच्या भिंती आल्या, आणि भिंत बांधताना पहिला फावडा बसतो तो कंदावर. गेल्या गौरीला आम्हांला फुलांसाठी सड्यापर्यंत जावे लागले.

शेंगा तडकल्या तेव्हा आत शेंदरी-लाल बिया होत्या. त्या मी रेती आणि पालापाचोळ्याचे खत घातलेल्या कुंड्यांत पेरल्या आहेत. उगवायला महिनेही लागतात, फूल यायला तीन-चार वर्षे. तोवर माझे बी. ए. होऊन गेलेले असेल. कुंड्या आई सांभाळणार आहे. तिची अट एकच, त्या गोठ्यापासून लांब ठेवायच्या.